सत्ताविसाव्या खिळ्यावरचा बिल्ला

मी एक जुना फळा आहे. थांबा, लगेच तोंडं वाकडी करू नका! मी शाळेतला फळा नव्हे. माझ्यावर कुणी कधी गणितं सोडवली नाहीत आणि माझ्याकडे बघत कुणी जांभया दिल्या नाहीत. माझ्यासमोर जांभई द्यायची कुणाची छातीच नव्हती. मित्रांनो, मी हवाई दलाच्या तळावरचा, हत्यारं टांगायचा फळा आहे. हत्यारं म्हणजे तोफा-बंदुका नव्हेत. विमानं दुरुस्त करायचे पाने, पकडी, हातोड्या, कानशी, स्क्रू ड्रायव्हर. एकूण चौसष्ट.

आता मी त्याच तळावरच्या संग्रहालयात असतो. तुम्ही दारातून आत शिरता आणि धावत सुटता ते थेट विमानांकडे. कुणी चाकाला हात लावतं, कुणी शेपटीखाली उभं राहून फोटो काढून घेतं. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. नका बघू बापडे! विमानं दिसायला देखणी आहेतच, मी कशाला नाही म्हणू? पण त्या देखण्या विमानांनी उडायचं की मुकाट्याने जागेवर उभं राहायचं, हे कोण ठरवत होतं, ठाऊक आहे? हा तुमच्यासमोरचा लाकडी फळा. फुशारकी वाटली तर वाटू द्या. आहे तेच सांगतोय.

माझा जन्म तळावरच्या सुतारकामाच्या शेडमध्ये झाला. सुतार हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ होता. माझ्या फळ्या तासून, जोडून झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि दम दिला, "वाकलास तर याद राख." मी आजतागायत वाकलेलो नाही. मग रंगारी आला. त्याने मला पिवळाधमक केलं. रंग वाळल्यावर मला जमिनीवर आडवं घातलं आणि अंगावर एकेक हत्यार मांडलं. तुम्ही वहीवर पंजा ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवता ना, तशी त्याने प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिल फिरवली. मग हत्यार उचलायचं आणि आतला आकार काळ्या रंगाने भरायचा. असे चौसष्ट काळे आकार. प्रत्येकाच्या डोक्याशी एक खिळा आणि एक आकडा. माझ्या सगळ्या हत्यारांवर एक छोटा त्रिकोण कोरलेला होता, ती माझी खूण. आमच्या शेजारच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या दुसऱ्या मोठ्या शेडमध्ये, असाच एक फळा होता. त्याची खूण गोल होती. दिसायला बरा होता, पण माझ्याइतका सरळ नाही.

आता माझं काम ऐका. हत्यार खिळ्यावर असलं की काळा आकार झाकला जातो. हत्यार गेलं की तो आकार डोळ्यांत भरतो, पार दारातूनसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, एखादं हत्यार इकडेतिकडे राहिलं तर एवढं काय बिघडलं? मित्रांनो, विमानाच्या पोटात विसरलेला बोटभर पाना हादऱ्याने सरकत सरकत नेमका नको तिथे जाऊन अडकतो. वर आभाळात वैमानिक दांडा ओढतो आणि दांडा हलत नाही. म्हणून नियम असा होता की काम संपलं की माझ्यासमोर मोजणी. चौसष्टातलं एक जरी कमी भरलं, तर ज्या ज्या विमानावर काम झालं ती सगळी विमानं खाली. मग साहेब कितीही मोठा असो आणि घाई कितीही असो.

दुसरा नियम बिल्ल्याचा. प्रत्येक मिस्त्रीकडे पितळेचा एक गोल बिल्ला असे, त्यावर त्याचा नंबर. हत्यार न्यायचं असेल तर आपला बिल्ला त्या खिळ्यावर अडकवायचा. हत्यार परत टांगलं की बिल्ला परत घ्यायचा, त्याआधी नाही. म्हणजे माझा खिळा रिकामा कधीच नसे. त्यावर एक तर हत्यार असे, नाहीतर माणूस. मोजणी घेताना आमचे मुख्य मिस्त्री बिल्ल्याकडे बोट करून मोठ्याने म्हणत, "नऊ नंबर कामावर." बिल्ला खिळ्यावर आहे तोवर तो माणूस कामावर आहे, असं आमच्यात मानत. हे जरा लक्षात ठेवा.

हा नऊ नंबर म्हणजे आमचा मोजदादा. खरं नाव वेगळं होतं, पण त्याला सगळे मोजदादाच म्हणत, कारण तो सदानकदा काहीतरी मोजत असे. शिडीच्या पायऱ्या मोजायचा, झाकणाचे स्क्रू काढताना मोजायचा, लावताना पुन्हा मोजायचा. चहाला गेला तर कप मोजून परत द्यायचा. वर्षातून एकदा घरच्या माणसांना तळ दाखवायचे, तेव्हा त्याची नवी नवरी आली होती. ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ही होय माझी सवत! अहो, हिच्यापायी तुम्ही घरातले चमचेसुद्धा मोजता." सगळा हँगर खो खो हसला. मोजदादा लाजून माझ्यामागेच लपायला बघत होता. मला मात्र ती बाई फार आवडली. फळ्याला इतका मान कोण देतं हो?

अशी आमची वर्षं चालली होती आणि मग तो दिवस आला. दुपारी मोठा कार्यक्रम होता. शहरातली माणसं, शाळेची पोरं, बडे पाहुणे बघायला येणार होते आणि आमची विमानं आभाळात कसरती करणार होती. सकाळपासून हँगरमध्ये नुसती धावपळ. मोजदादा एकटा चार विमानांवर राबत होता. त्यातच त्याला मध्येच हाक आली, "अरे, ती गाडी ढकलायला ये!" तो गेला, आला, पुन्हा कामाला लागला. दहा वाजता तो मोजणीसाठी माझ्यासमोर आला. चौसष्टातली त्रेसष्ट हत्यारं जागेवर होती. सत्ताविसाव्या खिळ्यावर त्याचाच बिल्ला लोंबत होता, आणि त्याखाली आखूड दांड्याच्या पान्याचा काळा आकार तसाच उघडा.

मोजदादाने खिसे चाचपले. पेटी उपसली. गाडीखाली आडवा होऊन बघितलं. पाना नाही म्हणजे नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याचे दोन सोबती जवळ आले. त्यांतला एक हळूच म्हणाला, "कशाला बोंब मारतोस? शेजारच्या हँगरमधून तसला एक पाना आण आणि टांग. मोजणी झाली की झालं. आपला पाना उद्या निवांत शोधू."

दुसरा म्हणाला, "आज कार्यक्रम बंद पडला तर साहेब आपल्याला सोलून काढतील. जा लवकर."

आणि मित्रांनो, मोजदादा गेला. सांगताना आजही मला वाईट वाटतं, पण आपल्या माणसाची चूक झाकून ठेवायला मी काही त्याचा सोबती नव्हे. त्याने शेजारून पाना आणला, स्वतःचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि तो परका पाना माझ्या सत्ताविसाव्या खिळ्यावर टांगला. वर्गात नसलेल्या मुलाच्या नावाला दुसरंच कुणीतरी "हजर" म्हणतं ना, तशी खोटी हजेरी. ती माझ्या अंगावर, माझ्या खिळ्यावर! लाज वाटून मी जमिनीत गडप झालो असतो, पण भिंतीला चार बोल्टांनी जखडलेला होतो.

लांबून बघाल तर मी अगदी पूर्ण दिसत होतो. पण मोजदादा लांबून बघत नव्हता. तो पुढ्यात उभा होता आणि त्या पान्यावरचा गोल त्याच्याकडे टक लावून बघत होता. कपातला चहा निवायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. त्याने पाना काढला. खिशातून बिल्ला काढून पुन्हा खिळ्यावर अडकवला आणि तो तडक मुख्य मिस्त्रींकडे गेला.

"साहेब, आखूड पाना हरवलाय. माझ्याकडून. चार विमानांपैकी कशात आहे सांगता येत नाही. आणि साहेब, मी मघाशी दुसरा आणून टांगला होता. तो काढला."

मुख्य मिस्त्रींचा चेहरा उतरला. बाहेर जाऊन त्यांनी चारही विमानांच्या नाकावर लाल फडकं बांधलं. लाल फडकं म्हणजे हे विमान उडणार नाही.

पुढे जे झालं ते विचारू नका. कार्यक्रमातून चार विमानं गळली. ज्याच्या नावाच्या पत्रिका छापल्या होत्या, त्या वैमानिकाचं विमान त्यांतच होतं. तो हेल्मेट काखोटीला मारून तरातरा हँगरमध्ये आला. "एका पान्यासाठी? एका पान्यासाठी तू माझा दिवस मातीत घातलास?" तो ओरडला. मोजदादा मान खाली घालून म्हणाला, "हो साहेब." तेवढंच. बाहेर बँड वाजत होता, लोक टाळ्या वाजवत होते आणि आत माझा माणूस विमानाची आसनं काढत होता.

सहा तास शोध चालला. आसनं निघाली, झाकणं निघाली. हातात आरसा आणि टॉर्च घेऊन सगळे विमानांच्या पोटात डोकं घालून बसले. पाना सापडला नाही. पण तिसऱ्या विमानात, वैमानिकाच्या आसनामागे, दांड्यापासून शेपटीकडे जाणारी पोलादी तार मोजदादाच्या आरशात दिसली. ती कशाला तरी घासून घासून झिजली होती. अख्ख्या तारेतले दोनच धागे शिल्लक होते. नेहमीच्या तपासणीत ती जागा उघडायची वेळ महिन्याने येणार होती. दोन धागे महिना कुठले टिकतात? कसरतीतल्या पहिल्या गिरकीलाच तुटले असते.

ते विमान त्याच वैमानिकाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या काखेत हेल्मेट नव्हतं आणि आवाजात कालचा तोरा नव्हता. तो सरळ मोजदादासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काल मी नको ते बोललो. मनात ठेवू नकोस." मोजदादा म्हणाला, "साहेब, पाना अजून सापडला नाही." ऐकलंत? याला म्हणतात माझा माणूस!

पाना शेवटपर्यंत सापडला नाही. चारही विमानांत तो नाही अशी खात्री झाल्यावरच त्यांना पुन्हा उडायला सोडलं. मोजदादाचं कौतुक झालं आणि शिक्षाही झाली, कारण हरवला तो हरवलाच. त्याची सुट्टी रद्द झाली आणि मेहुण्याच्या लग्नाला बायको एकटी गेली. मुख्य मिस्त्री म्हणाले, "पाना परत येईपर्यंत नऊ नंबर खिळ्यावरून हलायचा नाही." मोजदादाला कामासाठी दुसरा बिल्ला मिळाला. नऊ नंबर तिथेच राहिला. आणि तो वैमानिक? तो त्या दिवसापासून प्रत्येक उड्डाणाआधी हँगरमध्ये वाकडी वाट करून यायचा, नऊ नंबरच्या बिल्ल्याला बोट लावायचा आणि मगच विमानाकडे जायचा. त्याचं बघून बाकीचे वैमानिकही तसंच करू लागले. बोटं लागून लागून तो बिल्ला आरशासारखा लखलखीत झाला. मला विचाराल तर तळावर त्याच्याइतकं मानाचं दुसरं पदक नव्हतं.

पुढे नवी विमानं आली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हत्यारांच्या नव्या पेट्या आल्या. माझं काम संपलं. मोजदादा निवृत्त झाला त्या दिवशी त्याने बिल्ल्याला बारीक तार गुंडाळून तो खिळ्याशी पक्का बांधला, हलवाहलवीत पडू नये म्हणून. मग मला कोठारात नेऊन जुन्या टायरांमागे उभं केलं. किती वर्षं गेली, मोजली नाहीत. मोजणारा गेला होता ना! गांधीलमाशांनी माझ्या कोपऱ्यात पोळं केलं. कुणीतरी रंगाचे डबे मला टेकवून ठेवले. ज्याच्या एका खिळ्यापायी चार विमानं थांबली, त्याला आता कुणी वाटेतून बाजूला करायलाही हात लावत नव्हतं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण वाकलो नाही.

मग जुन्या हँगरचं संग्रहालय करायचं ठरलं. ते काम एका तरुण अधिकारी बाईंकडे आलं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाई कामाला वाघ होत्या. त्यांनी मला स्वतः शोधून काढलं, बाह्या सरसावून धुतलं, पुसलं, प्रत्येक हत्याराचा गंज घासून काढला. पिवळा रंग पुन्हा दिसू लागला तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण त्यांना माझी गोष्ट ठाऊक नव्हती. कागदपत्रांत कुठे ती लिहिलेली नव्हती आणि मला तोंड नव्हतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहून पुटपुटल्या, "एकच कमी आहे. एवढ्यासाठी अपुरा दिसतो." त्यांनी भंगारात धुंडाळून तसलाच एक आखूड पाना मिळवला. तार कापली, बिल्ला काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि सत्ताविसाव्या खिळ्यावर पाना टांगला. दोन पावलं मागे जाऊन त्या हसल्या. "आता कसा पूर्ण झाला!"

मित्रांनो, मी पूर्णच होतो हो! पण सांगणार कसा?

त्या दिवशी दुपारी तळावरच्या जुन्या माणसांना संग्रहालय दाखवायला बोलावलं होतं. त्यांत मोजदादा होता. केस पांढरेशुभ्र, चालणं सावकाश, हात बायकोच्या हातात. विमानांकडे न बघता तो सरळ माझ्याकडे आला. त्याचे ओठ हलू लागले. तो मोजत होता. शेवटच्या हत्याराशी आला आणि थांबला.

बायकोने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा केलात?"

"पूर्ण आहे गं," तो म्हणाला.

"मग बरंच झालं की."

"अगं, पूर्ण कसा असेल?" तो खिळ्याकडे हात नेत म्हणाला. "पाना सापडला की काय?"

त्याने पाना खिळ्यावरून काढला, डोळ्यांजवळ धरला, उलटा केला. त्रिकोण नव्हता. गोल होता. शेजारच्या हँगरचा पाना, पुन्हा एकदा. मोजदादा मटकन बाकावर बसला.

तेवढ्यात मॅडम धावत आल्या. "आजोबा, वस्तूंना हात लावायचा नाही हो!"

"मॅडम," मोजदादा म्हणाला, "हा पाना इथला नाही. असाच एकदा मीही टांगला होता. इथे नऊ नंबरचा बिल्ला होता. तो कुठाय?"

मॅडम गोंधळल्या. बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. मोजदादाने सगळं सांगितलं, खोट्या हजेरीसकट. काहीच वगळलं नाही. जिथे तो अडखळला तिथे त्याची बायको पुढचं सांगत होती, कारण तिला सगळं पाठ होतं. "माझ्या भावाच्या लग्नातल्या एकाही फोटोत हे नाहीत," ती शेवटी म्हणाली. "त्या मेल्या पान्यापायी."

ऐकता ऐकता मॅडमचे डोळे भरून आले. त्या उठल्या, खणातून बिल्ला काढून आणला आणि दोन्ही हातांनी मोजदादापुढे धरला. "आजोबा, माझं चुकलं. हा तुमचा आहे. इतकी वर्षं इथे अडकलाय, आता घरी न्या."

"घ्या ना," बायकोही म्हणाली. "आपण घरी चांगला ठेवू."

मोजदादाने बिल्ला तळहातावर घेतला. अंगठ्याने पुसला. मला वाटलं, आता खिशात टाकणार. त्याचा हक्कच होता. पण तो उठला, माझ्यासमोर आला आणि बिल्ला सत्ताविसाव्या खिळ्यावर अडकवला.

"पाना कुठे आलाय अजून?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला आलेले सर्वांत मोठे साहेब माझ्यासमोर थांबले. "इथे एक हत्यार राहिलं वाटतं," ते म्हणाले. मॅडम ताठ उभ्या राहिल्या. "राहिलेलं नाही सर. त्रेसष्ट हत्यारं आणि एक बिल्ला. मोजणी पूर्ण. नऊ नंबर कामावर." आणि मग त्यांनी साहेबांना माझी गोष्ट सांगितली. साहेबांनी टोपी काढली, पुढे झाले आणि बिल्ल्याला बोट लावलं. त्यानंतर रोज संध्याकाळी दार लावण्याआधी मॅडम माझ्यासमोर उभ्या राहून तेच शब्द म्हणतात. त्या शब्दांनी माझ्या फळ्या कशा ताठ होतात, ते तुम्हाला दिसत नसेल, पण होतात.

मोजदादा पुढे दर महिन्याला येत राहिला. आता येत नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेला. परवा त्याची बायको एकटीच काठी टेकत आली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिचे ओठ हलू लागले. ती मोजत होती! सत्ताविसाव्या खिळ्याशी आली आणि थांबली. दारावरच्या रखवालदाराने आपुलकीने विचारलं, "आजी, कुणाला शोधताय का?"

"शोधत नाही रे बाबा," ती म्हणाली. "आमचे हे कामावर आहेत. बघायला आले."

मित्रांनो, आता जा, खुशाल विमानं बघा. वापरलेली वस्तू जागच्या जागी ठेवा. हरवली तर हरवली म्हणून सांगा, आणि तिच्या जागी दुसरं काही टांगून मोकळे होऊ नका. एवढंच माझं मागणं. आणि जाताना क्षणभर माझ्याकडे या. हात स्वच्छ असतील तर नऊ नंबरला बोट लावा. फक्त तो खिळ्यावरून काढू नका. माझा माणूस अजून कामावर आहे.